खुंटाची फळं

बाबांनी पहिली फोड तोंडात घातली आणि थुंकून टाकली. थेट वहिनीच्या पायाजवळ.

चार वर्षं वहिनी त्या झाडाच्या मागे होती. बाबा शिंपी. त्यांच्या दुकानामागचं जुनं मोसंबीचं झाड दुकानासकट पाडलं गेलं, त्याआधी बाबांनी त्याचा एक डोळा, म्हणजे फुटायला आलेला कोंब, सालीसकट काढून घरामागे रानटी लिंबाच्या खुंटावर, मुळं धरलेल्या रोपावर, कलम करून बसवला होता. तेवढाच त्या झाडाचा वंश उरला. मग बाबा शिडीवरून पडले, कंबर मोडली आणि खाटेला खिळले. खिडकी रस्त्याकडची, परसातलं काही दिसायचं नाही. वहिनी रोज सांगायची, बाबा, झाड काय तरारलंय! आज पहिल्यांदा त्यांना चाकाच्या खुर्चीतून परसात आणलं, तर झुडूप फळांनी वाकलेलं. शेजारीण भिंतीवरून मान लांबवून कौतुक करत होती.

आणि फळ हे असं. जाड सालीचं, खडबडीत, आंबट ढाण.

बाबा वाकून बुंध्याकडे बघत राहिले. चेहरा पांढराफटक.

"कलमाच्या सांध्याखालचे फुटवे कोण खुडत होतं?"

वहिनीला प्रश्नच कळला नाही. खालून फुटलेली ती जाड, काटेरी फांदी तिने लेकरासारखी वाढवली होती. वरची मोसंबीची मरतुकडी काडी तिच्या सावलीत गेली. म्हणजे चार वर्षं तिने खुंट पोसला आणि मोसंबीला उपाशी मारलं. खालचं कोवळं दिसलं की खुडायचं, एवढंच काम होतं. बाबा म्हणाले, मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

कोणाला? दादाला.

हा माझा भाऊ परसात फक्त सिगारेट ओढायला जातो. म्हणाला, हो, काहीतरी बोलले होते खरं. काहीतरी! मग मी बाबांवर घसरले. पाणी घालणारी बाई रोज तुमच्या उशाशी उभी राहून झाडाचं सांगत होती, तिला का नाही सांगितलं? बाबा म्हणाले, पोराला सांगितलं होतं ना. तेही अगदी साधेपणाने. दुष्टपणा असता तर भांडता तरी आलं असतं.

दादाला तेवढ्यात शहाणपण सुचलं. राहू दे की, आंबट तर आंबट, फळं तर लागलीत.

बाबांनी ऐकलंच नाही. त्यांनी वरच्या काडीवर नख मारून बघितलं. आत हिरवी होती, म्हणजे अजून जिवंत. ही वाचवायची तर खालचं सगळं आजच कापायला हवं, फळांसकट. शेजारीण पुटपुटली, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. बाबांनी दादाला करवत आणायला सांगितली.

करवत वहिनीने आणली. दादाने हात पुढे केला, तिने दिली नाही. तिचे डोळे कोरडे होते, आणि त्याचीच मला धास्ती वाटली.

"कुठून कापायचं ते मला सांगा, बाबा. ह्यांना नको."

बाबा तिच्याकडे वळले. मग खुर्चीत पुढे झुकून सांगू लागले. बुंध्याला लागून धर. आधी खालून थोडं काप, नाहीतर फांदीचं वजन साल ओरबाडत नेईल आणि सांधा फाटेल. ती तसं करत गेली. फळांनी लगडलेली फांदी धाडकन आडवी झाली तेव्हा आम्ही सगळेच दचकलो. वहिनी नाही. काट्यांनी कोपरापर्यंत ओरबाडलेले हात घेऊन ती बुंध्याशी उकिडवी बसली होती आणि विचारत होती, पुन्हा फुटवा आला तर केवढा झाल्यावर खुडायचा.