अर्धं जुळलेलं

"मामा, आई म्हणते, आजही तू दवाखान्यात येऊ नकोस." भाचीनं जेवणाचा डबा टेबलावर ठेवला आणि ती आल्या पावली निघालीसुद्धा.

मशीनवाला मामा आपल्या दुरुस्तीच्या दुकानात शिलाई मशीन उलटं करून तेल सोडत होता. त्याचा हात थांबला. डबा रोज यायचा आणि डब्याबरोबर हा निरोपही.

दोन वर्षांपूर्वी याच माणसाला बहिणीच्या घरानं डोक्यावर घेतलं होतं. ताईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि सगळ्या गोतावळ्यात नेमकी ह्याचीच जुळली. लग्न नाही, संसार नाही, 'तुझं बरंय बाबा' हे ऐकून ऐकून कान किटलेला माणूस! आयुष्यात पहिल्यांदाच तो कुणाशी तरी जुळला होता. डॉक्टर म्हणाले होते, "अर्धंच जुळतंय, गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील." घरात मात्र 'जुळलं' एवढंच पोचलं. तेव्हापासून दुपारी दुकानात आडवा झाला की तो कुशीवरच्या व्रणावर हात ठेवायचा. आपलं कुणीतरी ताईच्या घरी राहतंय, असं त्याला वाटायचं. हसू नका, एकट्या माणसाला एवढंही पुरतं.

गेल्या महिन्यात ताईच्या शरीरानं ती किडनी नाकारली. काढून टाकावी लागली. त्यानंतर ताईनं त्याचा फोन उचलला नाही. आपलाच माल खराब निघाला, असं त्यानं मनाशी धरून ठेवलं होतं.

आज मात्र त्यानं हात पुसले, शटर ओढलं आणि सरळ दवाखाना गाठला.

ताई डायलिसिसच्या खोलीत खिडकीजवळ पडली होती. हातातून निघालेली लाल नळी यंत्रात जात होती, दुसरी परत येत होती. त्याला पाहून तिनं तोंड फिरवलं.

"नको येऊस म्हणून सांगितलं होतं ना?"

"मी कधी ऐकलंय तुझं?" तो स्टुलावर टेकला. "एकदाच सांग ताई. माझ्यात काही खोट होती का गं? तंबाखू सोडली होती मी, अगदी खरं."

"गप रे!"

"मग माझ्यावर राग कसला?"

ताईनं मोकळ्या हातानं चादर वर ओढली. मग म्हणाली, "मी गोळ्या बंद केल्या होत्या."

"काय?"

"कशाच्या असतात त्या, ठाऊक आहे ना? आत कुणी परकं आलं की शरीर त्याला मारायला उठतं, ते दाबून ठेवायच्या. रोज सकाळी गोळी हातात घेतली की लाज वाटायची. आई गेली तेव्हा तू माझ्या कडेवर होतास. तू परका? म्हटलं, माझ्या भावासाठी मला गोळी लागत नाही. काही दिवस बरंही चाललं रे."

"अगं वेडे!" त्याला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. "म्हणून तोंड लपवत होतीस?"

"कुठल्या तोंडानं बोलणार होते? तू पोट कापून दिलंस आणि मी घालवून बसले."

"दुसरी आहे की अजून." त्यानं बाहीला डोळे पुसले. "देऊ?"

ताई हसली नाही. "विचारलं मी डॉक्टरांना. मिळालीच तर परक्याची मिळेल. तुझी आता चालायची नाही. माझ्या रक्तानं तुला ओळखून ठेवलंय म्हणे. पुन्हा तुझं काही आत आलं, की लगेच मारेल."

तो नळीतलं लाल वाहणं बघत बसला.

"काढल्यावर तिचं काय केलं गं?"

"जाळतात म्हणे. सगळ्यांचंच, एकत्र."

त्यानं मान हलवली.

तेवढ्यात नर्स आली. "इथं बसायचं नाही. कोण तुम्ही यांचे?"

तो गडबडून उठला. ताईच बोलली, "सख्खा भाऊ आहे माझा." शेजारच्या पलंगावरचा म्हातारा दचकून जागा झाला, इतक्या मोठ्यानं.

दुकानात परतून त्यानं डबा उघडला. जेवण गार झालं होतं, तरी त्यानं सगळं संपवलं. मग दोन मशीनच्या मधे चटई टाकून तो आडवा झाला. हात सवयीनं व्रणाकडे गेला. आता तिकडे आपलं कुणी राहत नव्हतं. त्यानं हात तिथंच राहू दिला.