बाराजणींचा तक्ता

ढुंढिराज गायधनीच्या हातात तांब्याची तार तिसऱ्यांदा तुटली. शेजारच्या मशीनवरच्या भिमाबाई गांगुर्डेंनी ते पाहिलं, पण त्या हसल्या नाहीत.

"साहेब, वढू नका तिला," त्या म्हणाल्या. "ती तिच्या चालीनं येती."

सातपूरच्या त्या कारखान्यात पंख्यांच्या मोटारींसाठी तारेची गुंडाळी करणाऱ्या बारा बायका होत्या आणि ढुंढिराज सात वर्षं त्यांचा सुपरवायझर होता. वडील गोदाकाठी यात्रेकरूंचे विधी सांगायचे. हा पॉलिटेक्निक करून यंत्रांकडे वळला. त्र्याऐंशी साली कंपनीने सुपरवायझरांसाठी तीन दिवसांचा वर्ग ठेवला, कामाच्या जागी सगळ्यांना सारखं वागवण्याबद्दल. शिकवायला आलेले वाल्मीक निकम मूळचे मालेगावचे, पूर्वी स्वतः यंत्रमागावर काम केलेले. पहिला दिवस भाषणात जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं, तसा गेलाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी चिठ्ठ्या उचलायला लावल्या. ज्याला ज्या कामगाराची चिठ्ठी येईल त्याने त्याच्या जागी बसायचं आणि कामगाराने सुपरवायझरच्या खुर्चीत, जेवणाच्या सुट्टीपर्यंत.

"मत बनवायला जाऊ नका," निकम म्हणाले होते. "तिथून काय दिसतं एवढंच बघा."

ढुंढिराजला लताबाई पगारेंची चिठ्ठी आली होती. त्यांची जागा वार्निशच्या टाकीला लागून होती. गुंडाळी तयार झाली की ती त्या टाकीत बुडवायची. अकरा वाजेपर्यंत वासाने त्याचं कपाळ ठणकायला लागलं. दिव्याच्या पिवळ्या उजेडात तार दिसेना. त्याने मान वर केली तर लाईनीच्या दुसऱ्या टोकाला, खिडक्यांपाशी, लख्ख ऊन पडलेलं होतं.

"रोज असाच वास येतो?" त्याने भिमाबाईंना विचारलं.

"नाय. पावसाळ्यात जास्त."

सुट्टीची घंटा झाल्यावर तो आपल्या काचेच्या केबिनपाशी गेला. लताबाई त्याच्या टेबलाशी बसल्या होत्या. काचेखाली लाईनीचा तक्ता होता, कोण कुठल्या मशीनवर बसतं त्याचा, टाइप केलेला. त्यावर त्यांचं बोट होतं. त्याला पाहून त्या उठायला लागल्या.

"बसा, बसा. काय पाहताय?"

"एक विचारू का, साहेब? राग नाय ना येणार?"

"विचारा."

"खिडकीपाशी दीक्षितबाई, जोशीबाई, देशपांडेबाई. टाकीपाशी मी, गांगुर्डेबाई आणि शेखबाई. हे कोणी लावलं?"

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. नवीन मशीन आलं की त्या अशाच त्याच्याभोवती फिरून बघत.

"ते पहिल्यापासून तसंच आहे," ढुंढिराज म्हणाला.

"पहिल्यापासून म्हंजे कोणापासून?"

लताबाई जेवायला गेल्यावर त्याने डबा उघडलाच नाही. कपाटातल्या जुन्या फायली काढल्या. शहात्तर सालच्या फायलीत तक्त्याची मूळ प्रत सापडली, शाईने लिहिलेली. अक्षर ओळखायला वेळ लागला नाही. खाली सही होती, ढुं. गो. गायधनी.

मग त्याला ती सकाळ आठवली. लाईन सुरू व्हायला दोन दिवस होते. ऑफिसातून बारा नावांची यादी आली होती आणि त्याने उभ्या उभ्या, दहा मिनिटांत ती बारा चौकोनांत भरली होती. कोणाचा हात कसा चालतो, कोणाची नजर कशी आहे, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्या बारापैकी एकीचंही तोंड तोवर त्याने पाहिलं नव्हतं. समोर होती ती नुसती आडनावं.

त्याने तो कागद काचेखालच्या तक्त्याशेजारी धरून पाहिला.

दुपारी त्याने लताबाईंना बोलावलं आणि कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वाचला. सहीपाशी त्यांची नजर थांबली. ढुंढिराजने बारा रिकामे चौकोन आखलेला दुसरा कागद पुढे सरकवला.

"तुम्ही लावून बघा," तो म्हणाला. "सगळ्यांना विचारा हवं तर."

पाळी सुटायच्या वेळी लताबाई कागद घेऊन आल्या. चौकोनांत एकही नाव नव्हतं. प्रत्येकात फक्त मशीनचा नंबर होता आणि, खिडकीजवळचा एक सोडून, बाणाची एक खूण, पुढच्या चौकोनाकडे जाणारी.

"महिन्याला एकेक जागा सरकायचं," त्यांनी सांगितलं. "खिडकीपण सगळ्यांना, टाकीपण सगळ्यांना. भिमाबाईंना तेवढी खिडकी कायम ठेवा, त्यांना बारीक तार दिसत नाय. बाकी अकरा जणी सरकतील. दीक्षितबाई थोड्या गप्प झाल्या, पण हो म्हणाल्या."

"मग नावं का नाही घातली? पहिल्या महिन्याला कोण कुठे, ते लागेलच की."

"त्याच्या चिठ्ठ्या काढा."

"तुम्हीच ठरवायचं होतं ना."

लताबाईंनी कागद उलटा केला. मागे तसेच बारा चौकोन त्यांनी हाताने आखले होते. टाकीजवळच्या पहिल्या चौकोनात एक नाव लिहून गिरवून गिरवून खोडलेलं होतं, तरी वाचता येत होतं. दीक्षित.

"विचार केलाच नव्हता, साहेब," त्या हळू म्हणाल्या. "पेन हातात घेतला आन् हात आपोआप तिकडं गेला."

बाहेर बायका पिशव्या घेऊन बसस्टॉपकडे निघाल्या होत्या. ढुंढिराजने शहात्तर सालचा कागद आणि हा, दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि पाहत राहिला.

"उद्या वर्गाचा शेवटचा दिवस आहे," तो म्हणाला. "मी निकमांना सांगतो, तुम्हीही या. हा तक्ता तुम्ही समजावून सांगा."

"तो तर साहेब लोकांचा वर्ग हाय."

"असू दे. याल का?"

त्यांनी पदराचं टोक खांद्यावर ओढून घेतलं.

"येईन. पण मागचं, खोडलेलं, तेपण सांगायचं का?"

ढुंढिराजने शहात्तर सालचा कागद घडी न घालता शर्टाच्या आत सरकवला, पावसात भिजू नये म्हणून धरतात तसा. बाहेर तर स्वच्छ ऊन होतं.

"आधी मी माझं सांगतो," तो म्हणाला. "ते ऐका, मग तुमचं तुम्ही ठरवा."