खाली उतरलेली लाल रेघ

मित्रांनो, मी उंची मोजायचा एक जुना लाकडी खांब आहे. सुताराने माझ्या अंगावर आकडे कोरले, डोक्यावर टेकणारी आडवी पट्टी बसवली आणि मला सैन्यभरतीच्या कचेरीत पाठवलं. तिथे वय, छाती, डोळे, दात सगळं तपासत. पण पहिली गाठ माझ्याशी. माझ्या अंगावर एक लाल रेघ होती. पट्टी तिच्याखाली थांबली की उमेदवाराने घरची वाट धरायची. हवालदार म्हणायचे, हा कुणाची भीडभाड ठेवत नाही. मी फुशारून जायचो.

एकदा एक इस्त्रीवाली हातगाडी ढकलत आली. गाडीवर कपड्यांऐवजी तिचा लेक टिल्लू ताठ आडवा पडलेला. उभं राहून उंची घटते, असं त्याला कुणीतरी पढवलं होतं. सैन्यात जायचं म्हणून त्याने जेवण सोडलं होतं, तेव्हा बिचारीने मन मारून त्याला आणलं. त्याने मान ताणली, टाचाही उचलल्या. हवालदारांनी त्या खाली टेकवल्या. पट्टी रेघेच्या बोटभर खाली थांबली. टिल्लू रडवेला झाला. आई त्याची समजूत घालत होती खरी, पण तिचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला.

पुढे लढाई लांबली. माणसं कमी पडू लागली. एका सकाळी रंगारी आला आणि माझी रेघ खरवडून दोन बोटं खाली ओढून गेला. टिल्लू होता तेवढाच होता, पण या खेपेला पास झाला. तो एकटाच, चालत आला होता.

तो लढाईत कामी आला. ती बातमी याच कचेरीतून त्याच्या घरी गेली.

आता मी अडगळीत आहे. मला वाळवी लागली आहे. मध्यंतरी इस्त्रीवाली आली आणि हवालदारांना म्हणाली, "साहेब, तो खांब एकदा बघू द्या."

तिने खरवडलेल्या जागेवर बोट ठेवलं. "जुनी रेघ हीच ना?"

"हो, मावशी."

"माझं पोर इथवर पोचत नव्हतं."

तिने बराच वेळ बोट काढलं नाही. मला फार लाज वाटली.

मित्रांनो, मला वाळवीपासून वाचवा, असं सांगणार होतो. ते राहू द्या. तुमची आई घरच्या भिंतीवर तुमच्या उंचीच्या खुणा करत असेल. भिंत रंगवायला काढाल तेव्हा तेवढी जागा सोडा.