दोन थापांची सूट

काशीरामशेठचा फोन आला तेव्हा गंगाधर सर पडवीत बसून चप्पल पुसत होते. एक पुसून झाली, दुसरी हातात घेतली, तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं की ही जोडी कालिंदीची, त्यांच्या बायकोची. तिला जाऊन तीन दिवस झाले होते. मग त्यांनी दुसरीही पुसली आणि दोन्ही होत्या तिथे नीट ठेवल्या.

काशीरामशेठ हे पोलादपूर तालुक्यातलं मोठं प्रस्थ. तालुक्यात कुणीही गेलं की दहाव्याला घाटावर दोन शब्द बोलणार ते शेठच, आणि ते दोन शब्द लिहून देणार गंगाधर सर. ही गोष्ट गुपित होती, म्हणजे सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणी बोलत नव्हतं. शेठ महाडच्या कॉलेजात सरांचेच विद्यार्थी. परीक्षेत ते जसं पाठ करून लिहायचे तसंच पुढे पाठ करून बोलायला लागले, एवढाच काय तो फरक.

शेठनी आधी रीतसर दुःख व्यक्त केलं. मग सवयीने म्हणाले, की सर, दहाव्याला बोलायला लागेल, तेवढं दोन पानं... आणि मध्येच थांबले. आपण कुणाला काय सांगतोय, हे त्या भल्या माणसाला उशिरा का होईना कळलं.

"किती मिनिटांचं?" सरांनी विचारलं.

 मग शेठ हळूच म्हणाले, सात-आठ. सर बरं म्हणाले आणि कागद शोधायला उठले. त्यांना वाईट वाटलं नाही. रडू तर तीन दिवसांत एकदाही आलं नव्हतं. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतात आणि मग गाल आपला वाटत नाही, तसं त्यांचं सगळं अंग झालं होतं.

सरांनी एकतीस वर्षं इतिहास शिकवला, आणि त्यात जीव ओतला तो रोमच्या प्रजासत्ताकावर. त्यातही एक तास त्यांच्या खास आवडीचा. मोठ्या घरातलं माणूस गेलं की रोमन लोक प्रेत भर चौकात आणत. तिथे लढाईत जिंकलेल्या जहाजांच्या नाळेवरच्या धातूच्या चोची ठोकून सजवलेला भाषणाचा ओटा होता. मेलेल्याचा मुलगा त्यावर चढून बापाचे पराक्रम सांगे, आणि मेणाचे मुखवटे घातलेली माणसं पूर्वज बनून समोर बसत. पुढे पुढे बायकांनाही हा मान मिळू लागला. मग सर डोळे मिचकावून सांगत, की असल्या भाषणांनी आमच्या इतिहासाची वाट लावली अशी खुद्द रोमनांचीच तक्रार होती. न झालेले विजय आणि न मिळालेली पदं त्यांत बिनदिक्कत घुसडलेली असत. वर्ग हसायचा.

हा तास एकदा त्यांनी घरी कालिंदीलाही ऐकवला. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, मग तुम्ही शेठला लिहून देता ते काय वेगळं असतं?

त्या दिवसापासून प्रत्येक भाषण आधी तिच्या हाताखालून जायला लागलं. भिंतीवरच्या कॅलेंडरला, दुधाचे खाडे मांडायला, सुतळीने एक पेन्सिल बांधलेली होती. कालिंदी ती सोडून घ्यायची आणि वाचता वाचता खोडत जायची. "एका भाषणात दोन थापा चालतील," म्हणायची. "मेलेल्या माणसाला तेवढी सूट हाय. तिसरी नको." सर चिडायचे, वाद घालायचे, वक्तृत्वाचे नियम सांगायचे. ती ऐकून घ्यायची आणि तिसरी थाप खोडायची. भाषण लहान व्हायचं आणि घाटावर लोक खरोखर रडायचे.

आता सर लिहायला बसले. मुंबईहून आलेल्या चैत्रालीने, त्यांच्या मुलीने, विचारलं की बाबा काय लिहिताय. शेठचं भाषण, ते म्हणाले. कुणासाठी, असं तिने विचारलं नाही. चहा ठेवून गेली.

अर्ध्या तासात दोन पानं भरली. शांत स्वभाव, धार्मिक वृत्ती, सावलीसारखी साथ. हात आपोआप चालत होता. शेवटी सवयीने त्यांनी थापा मोजल्या. एकोणीस भरल्या. खोडायला कुणी नव्हतं आणि स्वतः खोडावं इतकंही त्यांना काही वाटत नव्हतं. आपल्या बायकोबद्दल एकही खरं वाक्य आपल्याला सुचलेलं नाही, हे त्यांना स्वच्छ दिसलं. तरी त्यांनी कागद घडी करून पाठवून दिला.

दहाव्याला सावित्री नदीच्या घाटावर गर्दी चांगली जमली. विधी उरकून सर पंचा पांघरून पायरीवर बसले. शेठ उभे राहिले, घसा खाकरला आणि सुरू झाले. छान बोलत होते. शांत स्वभाव झाला, धार्मिक वृत्ती झाली. सर ऐकत होते आणि ही कोण बाई गेली असा विचार करत होते.

"कालिंदीताईंनी," शेठ म्हणाले, "आयुष्यात कुणाला दुखावलं नाही."

"नाय हो साहेब." बायकांतून आवाज आला. शेजारची चंद्राबाई उभी होती. "मला दुखावलं ना. चार वर्सं बोलत नव्हती माज्याशी. माजी म्हैस तिच्या परसात शिरली म्हनून."

कुणीतरी हसलं. शेठ गोंधळून कागदात बघायला लागले. चंद्राबाई थांबली नाही.

"त्यातच माजी सून आडली. धो धो पाऊस, घरात बापयमानूस नाय. तर हीच आली जीप घेऊन. महाडपातूर सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली. पोरगा झाला, त्याला पुसलान, माज्या हातात दिलान. पन माज्याशी बोलली नाय. येतानाची सगळी वाट गप."

आता घाटावर सगळेच हसत होते, आणि डोळेही पुसत होते. या जीपच्या फेरीतलं सरांना काहीच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी ते कुठल्याशा वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून गेले असतील. घरी आल्यावर तिने सांगितलं नाही, कारण म्हशीचा राग अजून गेला नव्हता. हे अगदी तिचंच होतं. हिलाच ते छत्तीस वर्षं ओळखत होते. त्यांच्या छातीत काहीतरी जोरात दुखलं आणि बधिरलेल्या अंगात ते दुखणं सगळीकडे पसरत गेलं.

"शेठ," ते म्हणाले, "ते वाक्य खोडा."

सगळ्या माना वळल्या. शेठ खिसे चाचपू लागले. तेवढ्यात चैत्रालीने पर्समधून पेन्सिल काढून पुढे केली. कॅलेंडरचीच, सुतळीसकट. सर उठले, शेठच्या हातातून कागद घेतला आणि पायरीवर गुडघा टेकून खोडायला लागले. शांत स्वभाव गेला. सावली गेली. अश्रू कागदावर पडत होते आणि ते खोडत होते. सगळा घाट थांबून राहिला.

बऱ्याच वेळाने शेठ वाकले आणि एरवी कधी नसे इतक्या हळू आवाजात म्हणाले, "सर, आता वाचू?"

सरांनी पुन्हा एकदा मोजलं.

"वाचा," ते म्हणाले. "दोन राहिल्यात. तेवढ्या चालतात तिला."