दहाच्या सादरीकरणाला सातला हजर

आमच्या धाकट्या भावाला सगळे धांदल्या म्हणतात. लक्ष ठिकाणावर नाही, झोप वेळेवर नाही. डॉक्टर त्याला एडीएचडी म्हणतात, मी सरळ आळस म्हणायचे. आणि पठ्ठ्याने पीएचडीला विषय कुठला घ्यावा? एडीएचडी असलेल्यांच्या झोपेवरचं संशोधन कसं बदलत गेलं! दोनदा समितीने बोलावलं, दोन्ही वेळा साहेब अंथरुणात. आता तिसरी आणि शेवटची संधी. हुकली की नोंदणी रद्द.

सादरीकरण दहाला होतं. पत्र माझ्या हाती पडलं, म्हणून मी घरात नऊ सांगितलं. बाबांना ते खरं वाटलं, त्यांनी खबरदारी म्हणून त्याला आठ सांगितलं. आईने आठ ऐकलं आणि गुपचूप घरातली सगळी घड्याळं, त्याच्या मोबाइलसकट, तासभर पुढे केली. कुणी कुणाला चकार शब्द बोललं नाही. आहोतच आम्ही असे हुशार!

साडेनऊला मी विद्यापीठात पोहोचले, तर सभागृहाबाहेरच्या बाकावर हा लॅपटॉपची पिशवी उशाला घेऊन ढाराढूर.

"सातपासून आहेत," शिपाई म्हणाला. "मी कुलूप काढेपर्यंत आडवेसुद्धा झाले."

"ऊठ रे मेल्या!" मी गदागदा हलवलं. ढिम्म! सात कसे वाजले म्हणून घरी फोन केला, तर बाबांचं आठ आणि आईची घड्याळं दोन्ही बाहेर आली. तेवढ्यात समितीच्या अध्यक्षबाई आल्या. मला रडूच फुटलं. घड्याळांसकट सगळं कबूल करून टाकलं. बाई इतक्या हसल्या, की त्यांना बाकाच्या कडेला टेकावं लागलं.

"झोपू द्या. बाकीचे यायचेत अजून," त्या म्हणाल्या.

सव्वादहाला स्वारी आपोआप उठली, सभागृहात गेली आणि तशाच विस्कटलेल्या केसांनी बोलायला लागली. आधीचे अभ्यास बरेचसे मुलांवर आणि औषधांनी झोप उडते का यावर. पुढे मोठ्या माणसांकडे आणि शरीराच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. यांच्यातल्या अनेकांची रात्रच उशिरा सुरू होते. "हा आळस नाही," तो म्हणाला. मी मान खाली घातली.

नोंदणी वाचली. बाहेर आल्यावर मी त्याला तीन तासांचा घोळ सांगितला. वाटलं, आता चिडणार.

"ताई, खरी वेळ सांगितली असतीस तर?"

"तर तू आला असतास?"

"काय माहीत," तो म्हणाला. "आजवर कुणी सांगूनच बघितली नाही."