थिनरचा बोळा

मी ठिपक्या बोलतोय. कुत्रा आहे हे आधीच सांगून टाकतो. माझ्या अंगावर इतके रंग असायचे की नवं गिऱ्हाईक मला बोट लावून बघायचं, ओला तर नाही ना म्हणून.

जन्माने मी पांढराशुभ्र. माझा भाऊही तसाच. आई गाडीखाली गेली, तेव्हा गाड्यांना रंग मारणाऱ्या एका पेंटरने आम्हा दोघा पिल्लांना उचलून गॅरेजात आणलं. भाऊ त्याच्या बहिणीला आवडला. ती त्याला लांब, आपल्या सासरी घेऊन गेली. मी गॅरेजचाच झालो.

खाली गॅरेज, वर पोटमाळ्यावर घर. घरात माणसं दोनच, पेंटर आणि त्याची लेक. तिची आई ती पाळण्यात असतानाच वारली होती.

पेंटर पत्र्याच्या खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायचा, घासायचा, मग कॉम्प्रेसर सुरू करून स्प्रे मारायचा. तोंडाला एक फडकं बांधलं की झालं. "लांब हो रे!" असं तो मला दिवसभर ओरडायचा, पण ऐकेन तर मी कसला! लाल, निळे, चंदेरी शिंतोडे उडायचे. म्हणून लेकीने माझं नाव ठिपक्या ठेवलं. त्या नावाचा मला भारी तोरा होता.

संध्याकाळी शटर ओढलं की पेंटर रंग उतरवायच्या थिनरमध्ये कापडाचा बोळा भिजवायचा. आधी स्वतःचे हात पुसायचा, मग माझं अंग, मग लेकीची बोटं. तीही दिवसभर पत्र्याच्या तुकड्यांवर फुलं रंगवत बसायची ना! वास नाकाला झोंबायचा. पण तो इतक्या हलक्या हाताने पुसायचा, की आम्ही दोघं डोळे मिटून बसून राहायचो. लाड करायची दुसरी रीत त्या बापाला येत नव्हती.

पुढे माझ्या गळ्याखाली गाठी आल्या. भाकरीही नकोशी झाली. पेंटर मला उचलून जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेला. म्हातारी आणि तरुण, कारखान्यांजवळची आणि साध्या घरांतली, अशी पाळीव जनावरं त्या एका अभ्यासासाठी तपासत होत्या. त्यांनी माझंही रक्त घेतलं.

"पेशीत गुणसूत्रं असतात," पुढच्या खेपेला त्या म्हणाल्या. "बारीक दोरे समजा. वयानं थोडे तुटतातच. याचे मात्र फार तुटलेत, गाठी त्यातूनच आल्या असाव्यात."

"वयानंच ना पण?" पेंटरने विचारलं. "म्हातारा झालाय तो आता."

त्याला 'हो' ऐकायचं होतं. मलाही.

तेवढ्यात सुट्टी लागली आणि लेकीची आत्या माझ्या भावाला घेऊन आली. पठ्ठ्या अजून उड्या मारत होता! डॉक्टरबाईंनी त्याचंही रक्त तपासलं.

"आई एक, वय एक," त्या म्हणाल्या. "भावाचे दोरे वयाच्या मानाने ठीक आहेत. म्हणजे नुसतं वय नाही, राहायच्या जागेचाही प्रश्न दिसतोय. याच्या अंगावरचा रंग कशानं काढता?"

"थिनरनं. रोज," पेंटर जरा अभिमानानेच बोलला. "घाण राहू देत नाही मी अंगावर."

"अहो, थिनर कातडीत मुरतं! आणि हा अंग चाटत असेल ते वेगळंच."

पेंटरने शेजारी उभ्या लेकीचा हात हातात घेतला आणि एकेक बोट बघत राहिला.

"हिलाही पुसतो मी," तो म्हणाला. "रोज."

लेकीला माणसांच्या डॉक्टरांकडेही नेलं. आज काही दिसत नाही, पण या हवेत ठेवू नका, असं ते म्हणाले. पेंटरला दुसरं काम येत नव्हतं. आत्या म्हणाली, "दादा, मी नेते तिला. पोरगी मोकळ्या हवेत राहील."

मला प्रवास झेपणार नव्हता. निघायच्या दिवशी तिने माझ्या गळ्यात हात टाकून हंबरडा फोडला. तिच्या बोटांना लाल रंग लागला होता. सवयीने तिने हात पुढे केला, "बाबा, पुसा ना." पेंटर साबण लावून चोळत बसला. रंग काही निघेना. तशीच गेली ती. माझं काळीज तुटलं, खरंच सांगतो.

आता बोळा बंद आहे. मला आतल्या कोपऱ्यात, खिडकीखाली बांधलंय. जुने ठिपके अंगावर तसेच आहेत. पेंटर रोज संध्याकाळी कोमट पाण्याने माझं अंग पुसतो आणि तोंड फिरवून रडतो. त्याच्यावर रागवू नका. मला तर रागावता येतच नाही.

काल तिचा फोन आला होता. बोलता बोलता तिने मधेच हाक मारली, "ठिपक्या, इकडे ये!" मी धडपडत उठलो, दोरी ताणली. फोनमधून माझ्या भावाचं भुंकणं ऐकू आलं. अंगावर एकही ठिपका नसलेल्या माझ्या भावाला ती माझं नाव घेऊन बोलावते.

भावा, नाव तुलाच राहू दे. तिने हाक मारली की लगेच जात जा. मी कधी उशीर केला नव्हता.