शीलाचा दाणा

मी एक स्टीलची वाटी बोलतेय. दुपारचे पावणेतीन वाजले होते. शीलानं मला राखेनं घासलं आणि तांड्यातल्या लिंबाखाली नेऊन ठेवलं. तिथून हे सगळं सुरू झालं.

तशी मी तिच्या लेकीची, निशूची, वरणाची वाटी. मामानं बारशाला आर्णीच्या बाजारातून आणलेली. पोरीचे दात आले ते माझी कड चावून चावूनच.

लिंबाखाली शहरातून एक ताई आल्या होत्या. कोणी हलकं लेखलं तर बाया काय करतात, हे त्यांना मोजायचं होतं. बऱ्याच जणींना वाचता येत नाही, म्हणून त्यांनी दोन वाट्या मांडल्या, त्यातली एक मी, आणि प्रत्येकीला तुरीचा एक दाणा दिला. गप्प बसत असाल तर दुसऱ्या वाटीत, तोंडावर बोलत असाल तर माझ्यात.

शीलाला एकच घोर होता. खालच्या गावच्या अंगणवाडीत तांड्यातली म्हणून निशूला बाजूला बसवत, खिचडी सगळ्यांच्या मागून देत. बोललं तर पोरीचा जास्तच दुस्वास करतील, नाही बोललं तर पोर तेच शिकेल. मला घासताना ती रोज हेच पुटपुटायची.

ताईंनी मानानं पहिलं तांड्याच्या प्रमुखाच्या, म्हणजे नायकाच्या बायकोला, रुपीबाईला विचारलं. तिनं दाणा गप्प बसणाऱ्या वाटीत टाकला. मग काय, सगळ्याच तिच्या मागून. तांड्यात नायकणीच्या पुढं कोण जाणार?

शीलाची मूठ मात्र उघडेना.

"काहून थांबली वं? टाक न. भाकरी टाकाच्या हायेत," रुपीबाई म्हणाली.

"याडी," शीलानं तिला आईसारखी हाक मारली, "माही पोरगी बाजूले बसते. मले नाही जमत तिथं टाकाले."

दाणा माझ्यात पडला. टण्ण वाजला.

रुपीबाई जराशी ओशाळली. "पाहुणीसमोर भांडकुदळ कायले दिसाचं, म्हणून म्या तिथं टाकला. मी अन् गप्प? नायकाले विचार जाय."

बाया हसल्या. ताईंनी दाणे परत वाटले. या खेपेला रुपीबाईला शेवटी विचारलं आणि माझ्यात बरेच दाणे पडले.

दुसऱ्या दिवशी रुपीबाई शीलासोबत अंगणवाडीत गेली आणि तिथल्या बाईशी तोंडावर बोलली. निशू आता ओळीत बसते. तिथली बाई अजून तिच्याकडं नीट पाहत नाही. शीलाची धाकधूकही गेलेली नाही, पण खिचडी गरम मिळते. ती माझ्यातच घेते पोर.

तुमच्या गावात कोणी असं मोजायला आलं तर त्यांना एवढं सांगा, मोठ्या बाईला शेवटी विचारा. आणि एखाद्या वाटीत एकच दाणा पडला, तर तो कोणाचा, हे विचारल्याशिवाय उठू नका. बाकीच्या तांड्यांनाही कळवा.